घाईचे बेट

आखाताच्या काठी वसलेल्या एका शहरात युनूसशेठ परकार नावाचा एक बिल्डर होता. त्या शहराला थांबणे माहीत नव्हते आणि युनूसशेठला तर मुळीच नाही. दाभोळच्या खाडीकाठून तो गवंडी म्हणून तिथे आला, तेव्हा चहूकडे नुसती वाळू होती. आता तिथे साठ साठ मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांतल्या नऊ त्याच्या हातच्या होत्या. तो चालता चालता जेवायचा. लिफ्ट यायला उशीर झाला की जिन्याने सुटायचा, मग मजला कितवाही असो.

त्या शहराच्या अमीराने समुद्रात भराव घालून सात बेटे उभारायची ठरवली. पहिले बेट युनूसशेठला मिळाले. अमीराने सांगितले, पुढच्या वर्षी राष्ट्रीय दिनाच्या सकाळी मी स्वतः येऊन चाळीस कुटुंबांना घरांच्या किल्ल्या देईन. ते जमले, तर उरलेली सहाही बेटे तुझी. त्या दिवसापासून शेठच्या डोळ्यांपुढे सहा बेटे नाचू लागली.

भराव झाला. पण समुद्राच्या तळाशी मऊ चिखल असतो. अशा भरावावर लगेच घर बांधत नाहीत. आधी त्यावर वाळूचा डोंगराएवढा ढीग रचतात आणि वाट पाहतात. ढिगाच्या भाराने खालचा चिखल दबतो, त्यातले पाणी निघून जाते आणि जमीन हळूहळू खाली बसते. ती बसायची थांबली की ढीग काढायचा आणि मगच पाया खणायचा. जमीन किती बसली हे मोजण्याचे काम बारकू तांडेल करी. तोही कोकणातलाच, साठीला आलेला, मोजके बोलणारा.

पाच महिने झाले तरी ढीग जागचा हलला नाही. घरे पाहायला येणारे लोक समुद्र कुठे आहे म्हणून विचारत, आणि शेठला ढिगाकडे बोट दाखवून ‘याच्या पलीकडे’ असे सांगावे लागे. त्याला त्या ढिगाचा राग येऊ लागला. दिवसातून तीनदा तो तांडेलला विचारी, जमीन बसली का?

“तुम्ही सारखं विचारलंत म्हणून ती लाजून बसेल असं वाटतं का, शेठ?” तांडेल एकदा म्हणाला. “अजून सहा महिने तरी लागतील.”

सहा महिने थांबले, तर घरे बांधायला वेळच उरत नव्हता. शेठने ढीग काढायचा हुकूम दिला. आता जमीन पक्की झाल्याच्या कागदावर सही हवी होती. तांडेलने ती करायला नकार दिला.

“सही तुम्ही करा,” तो म्हणाला. “पण पहिल्या घरात कुणाला ठेवणार, ते आधी ठरवा.”

शेठच्या ते वर्मी लागले. “माझ्या आपाला ठेवीन. झालं समाधान?” असे म्हणून त्याने उभ्या उभ्याच सही ठोकली आणि तांडेलची बदली गोदामात केली.

हलीमा आपा ही त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. तीस वर्षे तो बोलावत होता आणि ती दाभोळ सोडत नव्हती. भाऊ आता स्वतः उभारलेल्या बेटावरचे पहिले घर देतो आहे, म्हटल्यावर मात्र ती आली. राष्ट्रीय दिनाला तेव्हा एक महिना उरला होता.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “युनूस, तुझ्या घरात तव्यावरचं घावन एका बाजूला पळतं.”

शेठ हसला आणि त्याने शेगडीच्या पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघराचे दार खाली घासू लागले. त्याने स्वतः रंधा मारून ते तासले. मग भिंतीला केसाएवढी चीर गेली. ती त्याने पुट्टी भरून बुजवली आणि वर रंग दिला. त्यानंतर तो उरलेल्या घरांतून फिरू लागला. खिशात लाकडी पाचरी, हातात रंगाचा डबा. एक चीर बुजवावी, तर दुसरीकडे नवी दिसे. त्याला बसवेना, जेववेना. तो मूळचा गवंडी होता. आपण काय पाहतो आहोत, हे त्याला नीट कळत होते.

राष्ट्रीय दिनाच्या आदल्या सकाळी तो आपाकडे गेला, तर बाहेरचे दार उघडेना. चौकट तिरकी होऊन त्यात फळी गच्च अडकली होती. त्याने खांदे मारले, लाथा मारल्या. सुतार येऊन दार कापेपर्यंत तासभर गेला. त्या तासभरात तो दारापुढे येरझाऱ्या घालत आपाची माफी मागत होता. आपा आत शांत होती.

“माझं राहू दे,” ती दाराआडून म्हणाली. “माझा भाऊ बाहेर उभा आहे. बाकीच्यांसाठी कोण येणार?”

शेठने गोदामातून तांडेलला सोबत घेतले आणि तो थेट अमीरापुढे उभा राहिला. घरे कच्ची आहेत, सही माझी आहे, असे त्याने सांगून टाकले.

अमीराने विचारले, “लोकांना हे कळायला काही दिवस तरी गेले असते. तोवर सहा बेटं तुझी झाली असती. मग आजच का आलास?”

“सहा महिने थांबलो नाही म्हणून ही वेळ आली, हुजूर,” शेठ म्हणाला. “आता मात्र उद्यापर्यंतही थांबवत नाही.”

अमीराने सहा बेटे दुसऱ्याला दिली. सगळी घरे पाडायचे काम मात्र शेठवरच टाकले.

राष्ट्रीय दिनाच्या सकाळी शेठ बेटाच्या पुलावर जाऊन उभा राहिला. नवे कपडे घालून कुटुंबे येत होती. कुणाला निरोप मिळाला होता, कुणाला नव्हता. शेठ प्रत्येक गाडी थांबवून सांगत होता, घर तयार नाही, चूक माझी आहे. कुणी त्याला शिव्या दिल्या. एकाने त्याची गचांडी धरली. एक बाई मांडीवरची तुळशीची कुंडी सावरत परत गेली. चाळिसावी गाडी वळेपर्यंत तो उन्हात एका जागी उभा होता.

तात्पर्य: घाईने केलेली चूक झाकत बसू नये, ती स्वतःच्या तोंडाने सांगून टाकावी, नाहीतर तिचे भोग निरपराध माणसांच्या वाट्याला येतात.