टिकलीची दुसरी परीक्षा

पाडसांनाही परीक्षा द्यावी लागायची, त्या काळातली गोष्ट. झाडावरून वानरआजोबा वाघ आल्यासारखे खाकरून ओरडायचे. ते ऐकून जे पाडस झुडपात पळेल, ते पास. त्यालाच कळपाबरोबर उघड्या माळावर चरायला जाता यायचं.

टिकली हे चितळाचं पाडस जन्मापासून बहिरं होतं. आजोबा ओरडले, सगळी पाडसं पळाली, आणि टिकली गवत खात राहिली.

"नापास," आजोबा म्हणाले. "हिला माळावर नेऊ नका. हिच्यासाठी थांबाल तर सगळेच मराल."

टिकलीची आई पुढे आली. कळप गेल्यावर पोर एकटी मागे राहिली, तर वाघ आधी इकडेच येणार.

"आजोबा, तुम्हाला हिचे कान तपासायचेत, की जीव वाचवता येतो का ते?"

"वाघ काय हिला खूण करून येणार आहे?"

"वाघ नाही, मी करीन. एकदा तुम्ही गप्प बसून बघा."

आजोबा कुरकुरत गप्प बसले. पाडसं पुन्हा चरू लागली. थोड्या वेळानं आईनं आवाज न करता शेपटी ताठ वर केली. शेपटीखालचा पांढरा रंग उन्हात चमकला, आणि टिकली झुडपात दिसेनाशी झाली.

आजोबा 'पास' म्हणणार होते, पण त्यांची नजर गवतावरच अडकली. आधी पास झालेली सगळी पाडसं अजून माना खाली घालून निवांत चरत होती.

त्यांच्या आयांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.