पिवळ्या फुलांचं पाणी

फार जुनी गोष्ट. तेव्हा ढगांना डोंगरावर करमत नसे, पहाटे ते खाली येऊन लोकांच्या अंगणात बसत. अशाच एका ढगाळ सुभ्यात दोन गावं होती, वरचं आणि खालचं. दोन्हींच्या माथ्यावर एक तळं होतं.

त्या सुभ्याचा सुभेदार राजा नेमत नसे, लोक निवडत. निवडणुकीच्या पहाटे धुकं इतकं दाट, की आपलाच हात आपल्याला दिसू नये. नुसता फुलांचा वास येई. त्या धुक्यातून जो तो तळ्याकाठी येई आणि पाण्यात एक फूल सोडी. एका उमेदवाराचं पांढरं, दुसऱ्याचं पिवळं. कोणी कोणतं सोडलं, हे शेजारच्यालाही कळत नसे. ऊन वर आलं, की धुकं विरे आणि तळंच निकाल सांगे.

त्या वर्षी पांढरी फुलं जास्त निघाली. वरच्या गावचा एक तरुण सुभेदार झाला. ढोल वाजले, साखर वाटली गेली. पण या पठ्ठ्याची नजर कुठे? इतकी पांढरी फुलं सोडून नेमकी पिवळ्यांवर!

"ही कोणाची?" त्यानं कारभाऱ्याला विचारलं.

"सरकार, हरलेला गडी खालच्या गावचा. फुलंही तिथलीच असणार." कारभाऱ्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"मग पिवळ्या फुलवाल्यांना पाणी नाही!" सुभेदारानं हुकूम सोडला. तळ्यातून खालच्या गावाकडे जाणारा पाट बंद झाला. तिथली भातखाचरं तडकली. बायका घागरी घेऊन डोंगर चढू लागल्या.

एके दिवशी सुभेदार आईला भेटायला गेला. पाहतो तर तिच्या परसातल्या वांगी-मिरच्यांनी माना टाकलेल्या. वरच्या गावात तर पाण्याला तोटा नव्हता.

"आई, वाफे का गं सुकवलेस?"

"तुझाच हुकूम आहे ना, बाळा? एक पिवळं फूल माझं होतं."

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. "तू? माझी आई असून?"

"आई आहे म्हणूनच. लहानपणापासून तुला कोणी नाही म्हटलेलं खपत नाही. सुभेदाराला तर ते रोज ऐकावं लागतं. वाटलं, अजून थोडा थांबावास. पण तू निवडून आलास, तेव्हा सगळ्यांत आधी साखर मीच वाटली रे. माझाही सुभेदार झालास ना तू?"

त्याला रडू आलं. तसाच तो तळ्यावर धावला आणि पाटाचं दार त्यानं स्वतःच्या हातांनी उचललं. पाण्यामागोमाग चालत तो खालच्या गावात गेला, भर चावडीवर हात जोडून उभा राहिला. निम्मं भात गेलं ते गेलंच. तेवढं त्यानं आपल्या कणगीतून भरून दिलं.

पुढे तो अनेकदा निवडून आला, एकदा हरलाही. पण कोणी कोणतं फूल सोडलं, हे त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. आईलासुद्धा नाही.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, ध्यानात ठेवा: मत कोणालाही पडो, निवडून आलेला सगळ्यांचाच असतो.