आकड्यांचा मुकुट

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुग अजून दाराबाहेर उभे होते, त्या काळी तापीतीरी, पिंपळांच्या गर्द छायेत शमीवर्ण ऋषींचा आश्रम होता. त्यांची पत्नी सुभिक्षा रोज जेवणाआधी अंगणात भूतबली घाले. म्हणजे कावळ्याचा घास, कुत्र्याचा घास, आणि शेवटचा चिमूटभर भात मातीतल्या कृमींचा. पण कृमी बिचारे आंधळे, सावकाश. ते पोचेपर्यंत मुंग्या शीत न् शीत घेऊन जात.

एके दिवशी कृमींतला वडीलधारा सूचिमुख तिच्या पायाशी येऊन म्हणाला, "माते, तुझ्या दारी आमचे नाव मोठे आणि पोट रिकामे!"

ती हसली खरी, पण ते तिच्या मनाला लागले. "मग बाळांनो, जिथे मुंगी येत नाही तिथे या. माझ्या उदरात राहा."

ते आले, पण अन्नाला पुढे लोटणारा उदरातला तो अखंड प्रवाह त्यांना टिकू देईना. तेव्हा सर्व रूपे घडवणाऱ्या त्वष्टादेवाला तिने साकडे घातले.

त्वष्टा प्रकटला. "हे तपस्विनी, यांच्या मस्तकी मी आकड्यांचा मुकुट घडवीन, भोवती शोषून धरणारी मुखे देईन. आतड्याच्या मऊ अस्तराला हे असे बिलगतील की महापूरही यांना हलवू शकणार नाही. धरण्याची शक्ती दिली. सोडण्याचीही मागून घे."

"सोडायची कशाला, देवा? भरल्या पानावरून मी कोणाला उठवलंय का कधी?"

"तथास्तु," देव म्हणाला. पण जरा थांबून म्हणाला, बरं का.

पुढे सुभिक्षेला दिवस गेले. आश्रम आनंदला, पण तिचे मुख दिवसेंदिवस फिकुटले आणि गर्भाची हालचाल मंदावली.

"अगं, तू जेवतेस ते बाळापर्यंत पोचतच नाही!" ऋषी व्याकूळ होऊन म्हणाले.

तिने पोटावर हात ठेवला. "सूचिमुखा, धाकट्याला जागा करा रे. आता बाहेर या."

आतून क्षीण स्वर आला, "माते, आमचे आकडे मागे वळलेले. ओढ घेतली की तुझेच अस्तर फाटते. आम्हाला सुटता येत नाही गं."

दिलेला वर देवालाही परत घेता येईना. त्याने दाराशी वावडिंगाचा वेल उगववला. "याची फळे खा. पकड ढिली होईल. पण यांचे प्राणही जातील."

ओंजळीतली फळे तिच्याने तोंडाकडे नेववेनात.

"खा, माते," सूचिमुख म्हणाला. "फक्त आमचा घास बंद करू नकोस."

तिने खाल्ली. पुत्र झाला, किडकिडीत, पण रडला. आणि मातीत पडलेल्या त्यांच्या अंड्यांतून जी प्रजा निपजली, ती मुकुट घेऊनच जन्मली. तिला जमिनीवरचा घास ओळखू येत नाही. ती अजून कुणाच्या तरी उदराची वाट शोधते आणि बिलगली की सोडत नाही.

सुभिक्षा म्हातारी होईपर्यंत तो चिमूटभर भात घालत राहिली. आता ती घासापाशी बसून पदराने मुंग्या वारी. हे आधी सुचले नव्हते तिला. ऊन कलेपर्यंत भात तसाच सुकत राही, आणि मातीतून कोणी येत नसे.