अडतीस सेकंद

“अजून किती नळ्या घातल्या म्हणजे तुम्ही सही कराल, सर?”

डॉ. मृण्मयी तारळेकरने कागद टेबलावर आपटलाच. अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत एकटीने नळी घालण्याचा परवाना. भूलतज्ज्ञ गणाचारी सरांची त्यावर सही झाली, की सोमवारी ती घाटाखालच्या तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होणार होती. तिथे हे काम येणारं कुणी नव्हतं. मागच्या महिन्यात दोन माणसं जिल्ह्याला आणता आणता घाटातच गुदमरून गेली होती.

सर चहात खारी बुडवत होते.

“औषधं सांग.”

“पहिलं झोपेचं. लगेच दुसरं, स्नायू लुळे करणारं. मग नळी.”

“टिकतात किती?”

“झोपेचं जेमतेम दहा मिनिटं. लुळं करणारं पाऊण तास. सर, हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे!”

“दुसऱ्याने काय होतं?”

“सगळं थांबतं. हात, पाय, पापणी, श्वास. घसा सैल पडतो, नळी सरळ आत.”

“आणि माणूस?”

“माणूस… तोही थांबतो की!”

सरांनी तिच्याकडे पाहिलं. खारीचा तुकडा कपात गळून पडला.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून निरोप आला. सिझेरियन, ताबडतोब. सर उठले.

“काही आलं तर फोन कर. माझ्यासाठी खोळंबू मात्र नकोस.”

कागद तसाच राहिला.

वीस मिनिटांत रुग्णवाहिका आली. आनंदा खोत, वय पंचेचाळीस. गुऱ्हाळात चुलवाणाला जाळ घालताना भडका उडाला होता. भुवया गेलेल्या, नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी. पण माणूस बसलेला होता आणि बोलत होता.

“काय न्हाई झालं मला… नुस्ता घसा बसलाय…”

मृण्मयीने तो घोगरा आवाज ओळखला. घसा आतून सुजत होता. अर्ध्या तासात तिथून वारासुद्धा जाणार नव्हता.

तिने फोन लावला. थिएटरमधल्या नर्सने तो सरांच्या कानाशी धरला. सर एवढंच म्हणाले, “घाल.”

“आता झोपवून नळी घालायची. सिस्टर, दोन्ही औषधं भरा!”

आनंदाची बायको शेवंता आडवी आली. “अवो मॅडम, बोलतोय की त्यो अजून! धडधाकट श्वास चाललाय, आन् तुमी बंद करताय?”

“चाललाय म्हणूनच, मावशी! बंद पडायची वाट बघितली तर वाटच उरायची नाही!”

शेवंताने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली.

पहिलं औषध गेलं. डोळे मिटले. दुसरं गेलं. छाती थांबली.

सगळी खोली थांबली.

मृण्मयी वाकली. सुजलेला, लालबुंद घसा… काजळी… आणि त्यात बारीकशी काळी फट. तीच! नळी आत. हवेची पिशवी दाबली, छाती वर आली.

“अडतीस सेकंद!” ती ओरडलीच. “सिस्टर, घड्याळ बघितलं ना? अडतीस!”

“बघितलं, बघितलं,” सिस्टर बारदेस्कर हसल्या. “पेढे कंदी पायजेत हां आम्हाला, सातारचे!”

नळी पक्की झाली. श्वासाचं यंत्र सुरू झालं. मृण्मयीचे पाय जमिनीवर नव्हते. तिने खाटेशी उभं राहूनच मैत्रिणीला फोन लावला. अडतीस सेकंद, फक्त अडतीस… घसा कसा दिसला, फट कशी सापडली, हात कसा जराही कापला नाही… सगळं दोनदा सांगितलं.

“आणि पेशंट? अगं, बघ तरी, कसा गाढ झोपलाय! बोटसुद्धा हलवत नाही!”

सर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर थिएटरची टोपी तशीच होती.

त्यांनी नळी पाहिली नाही. ते आनंदाच्या उशाशी गेले. मिटलेल्या पापणीतून एक ओघळ निघून कानापर्यंत पोचला होता.

यंत्राच्या पडद्यावर नाडीचे ठोके… एकशे अठ्ठेचाळीस.

“झोपेचं औषध परत कधी दिलंस?”

मृण्मयीने घड्याळ पाहिलं. नळी घालून वीस मिनिटं उलटली होती. तिच्या कानावरचा फोन खाली आला.

सरांनी तोवर सिरिंज उचललीही होती. झोपेचं आणि वेदनेचं औषध नसेत सोडता सोडता ते आनंदाच्या कानाशी वाकले.

“आनंदा, मी डॉक्टर गणाचारी. तू जिवंत आहेस. घशात नळी आहे, म्हणून बोलता येत नाही. औषधामुळे अंग हलत नाही, ते परत हलेल. आता झोप येईल. मी इथेच आहे.”

एकशे तीस… एकशे दहा… चौऱ्याण्णव.

सरांनी कापसाने तो ओघळ टिपला. ओला कापूस मृण्मयीच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं मिटवली आणि स्टूल ओढून खाटेशी बसले.

ती रात्रंदिवस तिथून हलली नाही. दर तासाला पंपातलं औषध तपासायची. दर तासाला वाकून कानात सांगायची, कुठला वार आहे, बाहेर कोण बसलंय, आता काय करणार आहोत.

पाचव्या दिवशी सूज उतरली. नळी निघाली.

“शेवंते…” पहिला शब्द फाटका आला, पण आला! शेवंता हसत रडत सगळ्यांच्या पाया पडायला लागली. सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. मृण्मयीला नाचावंसं वाटलं.

तिने विचारलं, “काका, त्या दिवशीचं… काही आठवतं?”

आनंदाने मान हलवली.

“एक बाई लई खूश हुती. अडतीस, अडतीस म्हनत हुती. मला वाटलं, मी मेलो आन् हितं जत्रा भरलीया.” तो खोकला. “वरडत हुतो मी. कुनाला ऐकूच जाईना.”

“ती मी होते, काका.”

“हां… आवाज वळखला. पर ह्या पाच दिसांत कानात बोलणारी बी तूच न्हवं का?”

मृण्मयी तडक सरांच्या खोलीत गेली. कागद अजून टेबलावरच होता.

“हा फाडा, सर. मी लायक नाही. पण तिकडे सोमवारी कुणीच नसेल. आणि मला जायचंय, सर! अजूनही जायचंय!”

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला. वर स्वतःचं पेन ठेवलं.

“सही आनंदाची घेऊन ये.”

“त्यांची? सर, ते तर पेशंट…”

“त्या वेळी त्या खोलीत तोच एकटा जागा होता.”