पुसलेली विहीर

"चौघं गप्प आहेत आणि पाचवा म्हणतोय, 'विहीर आहे.' बोल, विश्वास कुणावर ठेवशील?"

फकिरांच्या तकियात राहणाऱ्या मन्सूरबाबांनी हा सवाल वैजनाथला केला. तुम्हीही मनातल्या मनात उत्तर देऊन ठेवा. मी तेव्हा दिलं होतं, ते चुकलं.

वैजनाथ माझ्याकडचा संगणकवाला. पोरगा हुशार, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. माझा पाण्याच्या टँकरचा धंदा. पाच डेपो, प्रत्येकात संगणकाचं एक यंत्र, पाचांत विहिरींची एकच यादी. एका ठिकाणी बदल केला की बाकीची चार एकमेकांना विचारून तोच बदल करून घेतात. रोज सकाळी यंत्र ड्रायव्हरच्या मोबाइलवर विहिरीचं नाव धाडतं.

त्यातली एक विहीर तपासणीत वाईट निघाली. वैजनाथनं ती यादीतून काढली. अन् तीन आठवड्यांनी त्याच विहिरीचं पाणी वस्तीवर गेलं. एकवीस माणसं दवाखान्यात. लोकांनी ड्रायव्हर लिंबाजीला खांबाला बांधून मारलं. मी त्याला कामावरून काढलं.

म्हणून बाबांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ते तकियापुढच्या बंद हापशाला लाल रंग देत होते.

"विश्वास बोलणाऱ्यावर," वैजनाथ म्हणाला. "गप्प बसणाऱ्यांना ठाऊकच नसेल. माझी यंत्रंही तसंच धरतात."

"आणि हा लिंबाजी बोलतोय, त्याचं?"

"तो खोटं बोलतोय. यादीत विहीर नाही. जुन्या सवयीनं टँकर नेला त्यानं."

"मोबाइलवर नाव आलं होतं!" लिंबाजी उसळला. त्याचा ओठ अजून सुजलेला होता. "तेच नाव, तीच विहीर!"

"दाखव मग."

"कसा दाखवू? मारताना फोडला की त्यांनी फोन! तुझं काय जातंय रे, खुर्चीत बसून?"

पंप विकत होतो तेव्हा मी एक गोष्ट शिकलो. खोटी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक दर खेपेला नवा दोष सांगतं. लिंबाजी चार दिवस एकच गोष्ट सांगत होता, त्याच शब्दांत. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं...

वैजनाथनं हापशाकडे पाहिलं आणि हसला. "बाबा, याचं पाणी वाईट हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दरसाल रंग कशाला फासता?"

बाबांनी ब्रश खाली ठेवला. रॉकेलचा बोळा उचलून त्याच्या हातात कोंबला.

"पूस."

"मी?"

"सगळ्यांना ठाऊक आहे ना? मग पूस! नुसती जागा अडवतोय रंग."

वैजनाथ चिडला. त्याच रागात त्यानं पुसायला घेतलं. रंग ओला होता, भराभर निघाला. खालचं लोखंड दिसू लागलं. साधा, चांगला हापसा.

"आता ऐक," बाबा म्हणाले. "अर्धं गाव ऊसतोडीला गेलंय. पाडव्याला येईल. त्यांच्यात दोन नव्या सुना असतील. तहानलेल्या. त्यांना हा हापसा कसा दिसेल?"

वैजनाथचा हात थांबला.



"कसा दिसेल?"

"चालू."

"तुझ्या यादीतून विहीर काढतोस तेव्हा काय ठेवतोस?"

"खूण. 'काढली' अशी. बाकीच्या यंत्रांना कळावं म्हणून. मग ती खूणही पुसली जाते."

"किती दिवसांनी?"

"दहा."

"आणि कुठलं यंत्र ऊसतोडीला गेलं होतं?"

वैजनाथनं बोळा खाली ठेवला.

"वडगावच्या डेपोचं," तो म्हणाला. "मी विहीर काढली तेव्हा तिथला ट्रान्सफॉर्मर जळाला होता. सोळा दिवस बंद होतं. परत आलं ते जुनी यादी घेऊन. चौघांकडे विहीर नव्हती, आणि खूणही नव्हती. त्यांना वाटलं, आपल्यालाच ठाऊक नाही... त्यांनी ती लिहून घेतली."

"म्हणजे यादीत होती!" लिंबाजी ओरडला.

"त्या दिवशी होती. मी संध्याकाळी पाहिली... आणि पुन्हा काढली."

लिंबाजी धावून गेला. मी मधे पडलो नाही. बाबांनीच त्याला दंडाला धरून मागे ओढलं, पण डोळे वैजनाथवर होते.

"माणूस खांबाला बांधलेला, आणि तू विहीर पुसत होतास!" एवढ्या मोठ्यानं बोललेले बाबा मी कधी ऐकले नव्हते. "दहा दिवस कुणी ठरवले?"

"आधी तीस होते. यादी जड झाली होती, सावकाश उघडायची. वरून..." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मी कमी केले."

यादी लवकर उघडत नाही म्हणून ओरडणारा मीच होतो.

"लिही," बाबा म्हणाले.

वैजनाथनं मोबाइल काढला. विहिरीचं नाव पुन्हा यादीत घातलं, पुढं खूण केली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं: "काढली. पाणी वाईट. पाचही यंत्रांनी 'ऐकलं' म्हटल्याशिवाय ही खूण पुसू नये. आधी लवकर पुसली, म्हणून विहीर परत आली. लिंबाजीचा दोष नाही. दोष वैजनाथचा."

"इथं काय वाचतोस?" लिंबाजी म्हणाला. "वस्तीवर चल. ज्या खांबाला बांधलं होतं, तिथं वाच."

वैजनाथ उठला. त्याचे हात रॉकेलनं आणि रंगानं माखले होते. तो लिंबाजीच्या मागे चालू लागला. मीही चपला घातल्या.

बाबांनी काठी माझ्यापुढं आडवी धरली.

"शेठ, हिशेब खरा ठेवा... त्यानं दोषापुढं एकच नाव वाचलं."