दीड ते अडीच सेकंद

"...मग फरक काय राहिला, बुवा? तेवढं सांगा."

हेच तो मघापासून विचारत होता. मांडीवर मुठीएवढा काळा स्पीकर धरून बसला होता.

लहानूबुवा भिंतीला टेकून धापा टाकत होते. माळावरच्या मठात दुपारची जेवणं नुकती आटपली होती. बुवांचा दमा त्या दिवशी फारच उसळला होता, आणि हे गृहस्थ भर उन्हातून आले ते वाद घालायलाच. मी बुवांच्या सेवेला असायचो; मला तर त्याचा रागच आला होता.

नाव निनाद ढवळे. पुण्यात प्रोग्राम लिहायची नोकरी. त्याची बायको सुजाता आमच्याच गावची, लहानपणापासून मठात येणारी. त्यांची मुलगी कनू वर्षाची व्हायच्या आतच गेली. छातीचं दुखणं होतं तिला.

"ऐका तरी," म्हणत निनादनं बटण दाबलं.

बारीकसा श्वास आला. मग दुसरा. झोपलेल्या लेकराचा असतो तसाच.

"तिचाच आहे. मोबाइलवर टिपला होता. आधी मी तो दर दोन सेकंदांनी वाजवायचो, पण नुसतं घड्याळ वाटायचं. मग कॉम्प्युटरला सांगितलं, दर वेळी शून्य आणि एकच्या मधली कुठलीही दशांश संख्या काढ, तिच्यात दीड मिळव, आणि तेवढे सेकंद थांब. एक पॉइंट सहा... दोन पॉइंट तीन... पुढची कुठली येईल, ते मलासुद्धा माहीत नसतं. कनूचं तरी कुठं माहीत असायचं?"

"आणि जास्तीत जास्त?" बुवांनी विचारलं.

"अडीचच्या आत. त्यापुढं जाऊच शकत नाही. तशी सोयच केलीय मी."

हे सांगताना गडी जरा ताठ झाला.

"आणि कनूचा?"

निनादनं स्पीकर दोन्ही हातांत घेतला.

"तिचा लांबायचा. मग मी तिचा पाय हलवायचो, की घ्यायची. रात्र रात्र कान लावून बसायचो आम्ही दोघं." तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीही हलवला... पण..."

माझा राग कुठल्या कुठं गेला.

"सुजाता म्हणते, हे बंद होईपर्यंत घरात पाऊल टाकणार नाही. दिवाळीपासून माहेरी येऊन बसलीय. माझं घर बसलं, बुवा. तुमचा शब्द ती मोडायची नाही. तिला एवढंच सांगा, की यात आणि कनूच्या श्वासात फरक नाही."

"ठेव ते इथं."

निनादनं स्पीकर सतरंजीवर ठेवला. बुवा डोळे मिटून ऐकू लागले.

स्पीकरमधून श्वास येत होता. बुवांच्या छातीतून दम्याची शिट्टी येत होती. दुसरा आवाज नव्हता. बुवा आता कौल देणार, या आशेनं निनाद त्यांच्या तोंडाकडे बघत बसला.

शिट्टी थांबली.

मला वाटलं, धाप कमी झाली असेल. पण छातीच हलेना. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा काळवंडत चाललेला...

"बुवा?"

काही नाही.

"अहो बुवा!" निनाद धडपडत पुढं झाला, दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवू लागला. "बुवा, श्वास घ्या! घ्या ना हो! अरे, कुणीतरी या इकडं!"

मला जागचं हलता येईना.

शेजारी स्पीकरमधून श्वास येतच होता. त्याच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं.

बुवांनी एकदम हवा ओढली आणि खोकत सुटले. मी पळत जाऊन पाणी आणलं. "काय हो हे! जीव गेला असता ना!" मी ओरडलोच. त्यांनी हातानंच मला गप्प केलं.

निनाद त्यांचे खांदे सोडायला तयार नव्हता. रडत होता.

"किती सेकंद झाले रे?" बुवांनी विचारलं.

"नाही मोजले... मोजायचं सुचलंच नाही."

बुवा स्पीकरकडं बघत राहिले. तो चालूच होता.

"याला कधी असं हलवलंस का?"