कोळिणीचं मौन

“पण बाई, ती उत्तरच देत नाही. मग ‘देत नाही’ असं लिहायला हरकत काय?”

शार्दूल बेंद्रे हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होता. भोगलेबाई पावटे सोलत होत्या.

बाईंनी उभी हयात कोळ्यांच्या अभ्यासात घालवली होती. निवृत्तीनंतर त्या सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाच्या, कडेला लहानसं घर बांधून राहत होत्या. शार्दूल त्यांचा शेवटचा विद्यार्थी, आणि स्वतःच्या मते सगळ्यांत हुशार. बाईंचं मत त्याने विचारलं नव्हतं.

त्याचा विषय लांडगा कोळी. हा कोळी जाळं विणत बसत नाही. जमिनीवर धावून शिकार करतो. विणीच्या दिवसांत नर वाळक्या पानावर ठेका धरून मादीला साद घालतो, आणि मादी राजी असेल तर ती पुढचे पाय आपटून उत्तर देते, असं जगाचं म्हणणं. शार्दूलच्या माद्या मात्र ढिम्म. जगाचं म्हणणं खोडून काढणारा शोधनिबंध त्याने लिहून ठेवला होता. बाईंनी सहलेखक व्हायला होकार दिला की तो निबंध उद्या परदेशी नियतकालिकाकडे रवाना होणार होता. नाहीतर मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपणार, आणि शार्दूल वडिलांच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला बसणार.

“नर बिचारा साद घालून थकतो, बाई. शेवटी ती त्याला खाते.”

“हे उत्तर नाही वाटत तुला?”

शार्दूल हसला. गुरूच्या विनोदाला हसावंच लागतं, अर्थ मागाहून कळला तरी चालतो.

“जोडी आणलीयस?”

“आणलीय ना. पुराव्याशिवाय मी बोलत नाही.”

त्याने पिशवीतून काचेची पेटी काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि पेटीला नाक लावून बसला. आत वाळकी पानं होती. एका पानावर मादी होती. नर दबकत दबकत जवळ आला, थांबला आणि पान वाजवू लागला.

टर्र... टर्र... टर्र...

मादी दगडासारखी बसून राहिली.

“बघा.”

“बघते... आणि तुझ्या प्रयोगशाळेत कोण बघतं?”

“मी. सकाळ-संध्याकाळ. दुसऱ्या कुणालाही टेबलाशी बसू देत नाही. लोक चुळबुळ करतात, बाई. हिला कान नसतात, ही पायांनी ऐकते. बारीकसा हादरासुद्धा...”

“हं. हे मीच शिकवलं होतं तुला.”

“हो... तेच ते.”

बाई उठल्या. स्वयंपाकघरातून पितळी पेला घेऊन आल्या. काठोकाठ भरलेला. तो त्यांनी पेटीशेजारी ठेवला.

शार्दूलने हात पुढे केला.

“प्यायला नाही.”

तो पेल्याकडे बघत राहिला. पाण्यावर वर्तुळं उठत होती. एक विरायच्या आत दुसरं.

“पंप चालू आहे का कुठे?”

“वीज सकाळपासून नाही.”

“मग ट्रक जात असेल.”

“कुठून? इथवर गाडीरस्ता नाही, चालत आलास ना?”

बाई पेल्याकडे बघतच नव्हत्या. त्या टेबलाखाली बघत होत्या. अखेर शार्दूलनेही वाकून पाहिलं.

टेबलाच्या पायाला टेकलेला त्याचा उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा चालला होता.

बसल्या जागी पाय हलवू नये, लक्ष्मी जाते, हे त्याला आईने सांगून झालं होतं, आत्याने सांगून झालं होतं, शाळेत मास्तरांनी पट्टी मारून सांगितलं होतं. पण शार्दूल पडला विज्ञानाचा माणूस. त्याने लक्ष्मी नाकारली आणि पाय चालू ठेवला.

आता त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला. गुडघा लगेच ऐकेना. मग ऐकला.

पेल्यातलं पाणी आरशासारखं झालं.

बराच वेळ काहीच घडलं नाही. नर पुन्हा एक पाऊल पुढे सरकला.

टर्र... टर्र...

मादीने एक पाय उचलला. मग दुसरा. पानावर आपटले. थांबली. पुन्हा आपटले.

नर जागच्या जागी थिजला. उत्तराची त्यालाही अपेक्षा नसावी.

“बाई... दिलं!” शार्दूल कुजबुजला. त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले होते. मग हळूहळू चेहरा उतरला. “म्हणजे माझा निबंध...”

“गेला.”

“आणि ही दोन वर्षं...”

“तीही गेली.”

“मार्चमध्ये शिष्यवृत्ती संपते, बाई.”

“मार्च यायचाय अजून. नवा लिही. त्यात माझं नाव घाल.”

शार्दूलने मान वर केली. गेलं वर्षभर त्याला हेच ऐकायचं होतं, आणि आता त्याच्याजवळ लिहिलेलं एक अक्षर उरलं नव्हतं. पेटीत नराने पुन्हा ठेका धरला होता, आणि मादीही...

“पण बाई, विद्यापीठात विचारतील, दोन वर्षं काय केलंस म्हणून! मी त्यांना काय...”

बाईंनी पेटीकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

“शार्दूल, मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.”